विन्याला पत्र: हेर, नळ आणि गच्ची

सोलापूर, रविवार

काय बे विन्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "सरकारनं गुपचूप हेरगिरीचा उपग्रह सोडला, कुणाला पत्ताच नाही" म्हणे! अबे, रॉकेट काय चादरीत गुंडाळून न्यायची वस्तू आहे का? उड्डाणाच्या आधी विमानांना, मच्छीमारांना नोटीस काढावी लागते, अमुक वेळेत समुद्राच्या या पट्ट्यात फिरकू नका म्हणून, आणि तो पट्टा नकाशावर मांडला की रॉकेट कुणीकडं जाणार ते घरबसल्या कळतं. आपला एमिसॅट, रडारचे सिग्नल ऐकणारा उपग्रह, तर १ एप्रिल २०१९ ला टीव्हीवर दाखवून सोडला की. आतलं यंत्र नेमकं काय ऐकतंय, ते नाही सांगत कुणी.

आमच्या नळाचं बघ ना. पाणी कधी सुटणार हे कुणी धड सांगत नाही, पण समोरच्या काकूंनी इतकी वर्षं दारात बसून वेळ बरोबर धरलीय, त्यांनी घागर उचलली की अख्खी गल्ली मोटर लावते. तिकडं कॅनडा-युरोपात असेच हौशी लोक उपग्रहांच्या वेळा धरायला दुर्बीण अन् स्टॉपवॉच घेऊन बसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्रम्पनं इराणच्या रॉकेटतळावरच्या स्फोटाचा फोटो ट्विट केला, तर यांनी सावल्यांवरून वेळ काढली, गोल तळ फोटोत किती लांबट दिसतोय त्यावरून कोन काढला आणि सांगून टाकलं, त्या टायमाला वरून यूएसए-२२४ जात होता. अमेरिकेचा गुप्त उपग्रह बे! हे वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

आपल्या लोकांनी तरी काय केलं, १९९५ ला पोखरणची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी पकडली, दबाव आला, थांबावं लागलं. मग १९९८ ला कामं रात्री, अन् उजाडायच्या आत यंत्रं जिथल्या तिथं. ११ मे ला स्फोट झाले तेव्हा तिकडं कळलं.

झुमाचं कोडं मात्र डोकं खातं. हा पण अमेरिकेचा गुप्त उपग्रह, जानेवारी २०१८ ला स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटवरून गेला, मग बातमी आली की रॉकेटपासून सुटलाच नाही, पडला. स्पेसएक्स म्हणते आमचं रॉकेट बरोबर चाललं, सरकार गप्प. लोक म्हणणारच ना नाटक आहे म्हणून? आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटल यानातून सोडलेला असाच एक गुप्त उपग्रह फुटला असं छापून आलं होतं, तो नंतर याच हौशी लोकांनी वर फिरताना पकडला, म्हणजे शंका अगदीच फालतू नाही. तरी मला वाटतं झुमा पडलाच, या दुर्बीणवाल्या काकूंच्या नजरेतून इतकी वर्षं सुटणं अवघड.

आणि तुझ्या व्हिडिओतली ती दिव्यांची माळ स्टारलिंकच्या इंटरनेटवाल्या उपग्रहांची आहे रे, नवीन सोडले की काही दिवस असेच रांगेत जातात. हेर कधी वरात काढून जातो का?

मी पाहिलेलं सांगतो. परवा पहाटे पाणी आलं, मोटर लावून टाकी बघायला गच्चीवर गेलो, तर डोक्यावर मधोमध एक ठिपका एकदम उजळला, पृथ्वीच्या सावलीतून बाहेर आला असणार, आणि सरळ उत्तरेला निघाला, लुकलुक नाही, आवाज नाही. कुणाचा होता देव जाणे. तोंड वर करून बघत राहिलो अन् टाकी भरून पाणी जिन्यातनं खाली, आईच्या शिव्या पार नाक्यापर्यंत ऐकू गेल्या असतील.

तुझा,
पम्या