वाळवंट घडवले पाण्यानेही

‘वाळवंट : वाऱ्याची निर्मिती’ हा पुरवणीतील लेख वाचला. शीर्षक अर्धेच खरे आहे. सहारातही वाळूने झाकलेला भाग जेमतेम पाव. बाकी खडक, गोटे आणि कोरडी नदीपात्रे. ती पात्रे वाऱ्याने कोरलेली नाहीत. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या आसाची दिशा वेगळी असल्याने उत्तर गोलार्धात उन्हाळा अधिक तापत असे आणि मोसमी पाऊस सहारात खोलवर पोहोचे. तेव्हा चाड सरोवर साडेतीन लाख चौरस किलोमीटरांवर पसरले होते. आज चाड देशातील बोडेले या खोलगट भागातून उडणारी पांढरी धूळ म्हणजे त्याच्याच तळाशी साचलेले सूक्ष्म शैवालांचे सांगाडे. वारा उडवतो ते पाण्यानेच साठवलेले!

आजही एखादा वादळी पाऊस तासाभरात भूरूप बदलतो. झाडोरा नसलेल्या, कडक पापुद्र्याच्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते घळीत धावते. घळीच्या तोंडाशी उतार कमी होताच आधी धोंडे, मग खडी, शेवटी गाळ पडतो आणि पंख्यासारखा उतार तयार होतो. त्यावरचे जुने दगड काळपट लेपाने झाकलेले, नव्या पुराचे फिकट असतात. पुराचा क्रम या रंगांवरून वाचता येतो. लेखात याचा उल्लेखही नसावा, हे खटकले.

– एक भूगोल अभ्यासक