सिगारेट सुटली, वेप लागला

महोदय,
विश्रामबाग परिसरात हल्ली 'सिगारेट सोडली' असे सांगणारी तरुण मुले वेप (म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट) ओढताना दिसतात. वेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड बरेचसे टळते, हे मान्य. पण निकोटिन राहतेच. नाडी आणि रक्तदाब वाढतो, व्यसनही कायम. आणि दिवसा वेप, रात्री सिगारेट असे दोन्ही चालू असेल (बऱ्याच जणांचे असतेच!), तर हृदयाला फारसा दिलासा नाही. शिवाय २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी आहे. चोरून आलेल्या त्या नळीत नेमके काय भरले आहे, हे तपासणार कोण? खरोखर सोडायची असेल, तर औषध दुकानात निकोटिनचे च्युइंगम मिळते. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्लाही मिळतो.

– एक वाचक, सांगली