पिस्तूल लाखाचे, छर्रे मिळतील ते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या नाशिकमधल्या क्रीडा प्रबोधिनीच्या दिवसांबद्दल भरभरून छापून आले. तेव्हापासून ‘मुलीला कोणते एअर पिस्तूल घेऊ?’ हा प्रश्न रेंजवर हमखास ऐकू येतो. लाख-दीड लाखाचे पिस्तूल घेतले जाते. छर्रे, म्हणजे शूटर ज्यांना पेलेट म्हणतात ते, मात्र दुकानात त्या दिवशी जी डबी असेल ती. नेमके इथेच नवशिक्याचे नुकसान होते, आणि ते पटकन लक्षात येत नाही.

१० मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत राहिला की दहा. पिस्तूल शिकंज्यात (टेबलाला बांधायच्या व्हाइसमध्ये) घट्ट धरून मारल्यावर चांगल्या लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या मालाची, पाच छिद्रे मिळून बाहेरून बाहेर ६ ते ७ मिलिमीटरमध्ये बसतात. यातून ४.५ वजा केले की खरा विस्तार, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर, उरतो दीड ते अडीच मिलिमीटर. पिस्तुलाशी न जुळणाऱ्या लॉटचा हाच आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो, आणि मधूनच एखादा छर्रा सगळ्यांना सोडून भलतीकडे जातो.

ज्याचे शॉट अजून सात-आठच्या रिंगांत फिरतात, त्याला दोन-तीन मिलिमीटरने काय फरक पडणार, असे कुणी म्हणेल. गुणांत फारसा पडत नाही, हे खरेच. पण शिकणारा शॉट सुटताक्षणी ‘दहा’ म्हणतो आणि पडद्यावर नऊ दिसतो, तेव्हा तो ट्रिगरवरचे बोट सुधारायला लागतो. बोट बरोबरच होते, चुकला होता छर्रा. असे चार वेळा झाले की जे बरोबर होते तेही बिघडते.

छर्‍याची घडण डमरूसारखी: पुढे सपाट डोके, मध्ये कंबर, मागे पोकळ आणि पातळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदावर गोल, स्वच्छ छिद्र पडते. टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि रेषेवरच्या शॉटवरून वाद होतात, म्हणून असे छर्रे टार्गेटसाठी घेऊच नयेत. मागचा घेर हवेच्या दाबाने फुलतो आणि नळीतल्या आट्यांना (पिळदार खाचांना) चिकटून हवा अडवतो. हा घेर एका बाजूने चेपलेला असेल तर हवा तिथून निसटते आणि छर्रा तोंडाशी कलून बाहेर पडतो. अर्धी भरलेली डबी बॅगेत टाकून पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून स्कूटरवर नेली की असे चेपलेले छर्रे हमखास निघतात. डबीत वर फोमची चकती घालावी आणि भरताना प्रत्येक छर्‍याचा घेर एक नजर पाहावा.

वजनाचे म्हणाल तर पिस्तूलसाठी साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅम आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपास. रायफलचा छर्रा पिस्तूलमध्ये चालतो, पण सावकाश निघतो आणि नळीत जास्त वेळ राहतो. तेवढ्यात हात हलला की फटका बसतो. सराफी काट्यावर एकेक छर्रा तोलत बसणारेही आहेत. ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर ही मेहनत वाया जाते, कारण एकाच डबीतला फरक बहुधा त्याहून कमी असतो.

डोक्याचा व्यास डबीवर ४.४९, ४.५० असा लिहिलेला असतो. व्हर्नियरने तो तपासू नये, शिसे मऊ असल्याने जबड्यातच दबते. अंगठ्याने ढकलताना छर्रा आपोआप आत घसरला तर सैल, जोर लावावा लागला तर घट्ट. पण शेवटचा निर्णय टार्गेटच देते. एकाच कंपनीच्या दोन पिस्तुलांनाही वेगवेगळे लॉट आवडतात, त्यामुळे मैत्रिणीचा अमुक लॉट चांगला निघाला म्हणून तोच घेणे हा जुगार आहे.

चाचणी अशी करावी. शिकंजा हलणार नाही अशा जड टेबलाला बांधावा. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरलेला असावा आणि मध्ये दाब फार उतरू देऊ नये. छर्रा बदलला की पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत, नळीतला आधीच्या शिशाचा थर बदलायला तेवढे लागतात. मग प्रत्येक लॉटचे पाच-पाच शॉटचे निदान चार ग्रुप, दरवेळी नव्या कागदावर. एका सुंदर ग्रुपवर भाळून डबे मागवू नयेत. शेवटी पहिला लॉट पुन्हा मारून पाहावा. तो आता वाईट आला तर शिकंजा सैल झाला आहे आणि सगळी मोजमापे रद्द.

आता मुद्द्याची विनंती. प्रत्येक पालकाला हे जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. नाशिकमधल्या क्लबांनी आणि रेंज असलेल्या शाळांनी एक शिकंजा ठेवावा, विक्रेत्याकडून तीन-चार लॉटची एकेक डबी नमुन्याला मागवावी, सगळ्यांच्या पिस्तुलांवर चाचणी करावी आणि जुळलेला लॉट वर्षभराचा एकत्र घ्यावा. डबीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवला नाही तर पुढच्या वेळी त्याच नावाची, त्याच रंगाची डबी येते आणि आतला माल निराळा असतो. नवशिक्यांना महागडे मॅच (स्पर्धेसाठीचे) छर्रे नकोत. सपाट डोक्याचे, एकाच लॉटचे, मध्यम किमतीचे पुरेत.

रेंजवाल्यांनी आणखी एक पाहावे. मुले छर्रे ओठांत धरतात, त्याच हातांनी वडापाव खातात. हे शिसे आहे. सरावानंतर साबणाने हात धुण्याची सोय दाराशीच हवी आणि रेंजची जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. पावसाळ्यात दमट हवेने पांढरी भुकटी धरलेले छर्रे वापरू नयेत, सुकवून पुसूनही नकोत.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, नाशिक