साहेब, विमानतळावर पाठ टेकायची कुठे?

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
राजीव गांधी भवन, सफदरजंग विमानतळ, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून ‘स्वारगेटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे’ असं सांगणारा जो माणूस असतो, तो मी. तीस वर्षं मी गाड्यांपेक्षा थांबलेली माणसंच जास्त पाहिली. गाडी फलाटावर पाच मिनिटं उभी राहते आणि जाते. माणसं मात्र दोन-दोन तास बसून असतात. कुणी डबा सोडतं, कुणी पोराला झोपवतं, कुणी चौथ्यांदा खिडकीशी येऊन तोच प्रश्न विचारतं. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझं लक्ष आधी बाकांकडे जातं. हे पत्र बाकांबद्दलच आहे असं समजा.

गेल्या वर्षी मी आणि सौ. मुलाकडे मेलबर्नला जाऊन आलो. जाताना मुंबईहून सिंगापूरमार्गे. येताना तिकीट स्वस्त पडलं म्हणून मुलाने आपल्या देशातल्या दुसऱ्याच एका मोठ्या विमानतळावर उतरवलं आणि तिथून सकाळचं पुण्याचं विमान काढून दिलं. त्या विमानतळाचं नाव मी लिहीत नाही. तक्रार एकट्याची करायची नाहीये.

आधी मुंबईचं. आपल्याकडची परदेशी विमानं अपरात्री का सुटतात, हे मला कितीतरी वर्षं कोडं होतं. मुलाने उलगडून सांगितलं. युरोपातून दिवसा निघालेलं विमान आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास पोचतं आणि तेच उलट फिरून पहाटे-सकाळी तिकडे उतरतं. तिथून पुढच्या विमानांची जोड मिळायला ते सोयीचं. शिवाय तिकडच्या कित्येक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना बंधनं आहेत. फ्रँकफुर्टला तर रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं बंदच असतात. थोडक्यात, फ्रँकफुर्टकरांची झोपमोड होऊ नये म्हणून आपण जागायचं. असो, त्याला आपण काय करणार. पण मग जिथे खरी वर्दळ रात्री एक वाजता असते, त्या इमारतीत रात्रीचा विचार आधी व्हायला हवा की नको?

आणि गावाकडचा माणूस एकच्या विमानासाठी अकराला येत नाही. घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर काय, या धास्तीने तो दुपारीच निघतो आणि दिवेलागणीला विमानतळावर हजर असतो. काउंटर उघडतो उड्डाणाच्या तीन-चार तास आधी. सोबत सोडायला आलेली जीपभर माणसं. तिकीट नसलेल्याला आत जाता येत नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र ती माणसं हवेत विरून जात नाहीत ना! आजी, आत्या, गाडीचा ड्रायव्हर, धाकटी पोरं, सगळी बाहेर ट्रॉलीच्या कडेवर टेकून काचेतून आत बघत बसतात. एखादी प्रशस्त शेड, पंखे, बाक, नळ आणि आतला विमानांचा फलक बाहेरही दिसेल असा एक पडदा, एवढंच त्यांना पुरेल. आपल्याकडे पोचवायला माणसं येणारच.

मुंबईच्या टर्मिनल २ बद्दल मात्र चार चांगले शब्द लिहायलाच हवेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सुरू झालं तेव्हाच ‘जय हे’ नावाचं एक संग्रहालय त्याच्या भिंतींत बसवलं गेलं. कलासंयोजक राजीव सेठींनी ते मांडलं. देशभरातून आणलेले जुने दरवाजे, झरोके, कोरीव खांब, मूर्ती, अशा हजारो वस्तू. सौ. एका लाकडी झरोक्यापाशी इतका वेळ उभ्या राहिल्या की मला हात धरून ओढावं लागलं. माहेरच्या वाड्याची आठवण झाली असणार. त्या बोलल्या नाहीत. आता गंमत बघा, या भिंतीसमोरून बहुतेक लोक बॅगा ओढत धावत जातात, आणि ज्यांच्या हाती तीन तास असतात ते गेटसमोर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. एक पायी फेरी आखून द्या की. जमिनीवर पट्टा रंगवा, ‘या फेरीला ४० मिनिटं लागतात, तुमच्या गेटपाशी परत याल’ असा फलक लावा. आम्ही मार्गफलक लिहायचो तसा. वस्तू आहेतच, भिंत आहेच, वेळही भरपूर आहे. तिघांची गाठ घालून द्यायची आहे.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून जरा जास्त लागली. मुंबई विमानतळ फेब्रुवारी २०१६ पासून ‘सायलेंट’ झाला, म्हणजे प्रत्येक विमानाची घोषणा आता सगळीकडे ऐकू येत नाही. दिवसाला शेकडो विमानं आहेत. सगळी पुकारली तर कान किटतील, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? झोपलेल्या माणसाला शांतता हवीच. पण फलक वाचता न येणाऱ्याचं काय? पाच-सहा आकड्या-अक्षरांची ती विमानांची नावं, मिनिटाला बदलणारी पानं, चष्मा बॅगेत. माझ्या स्टँडवर वाचता न येणारी म्हातारी निर्धास्त बसायची, कारण तिला ठाऊक असायचं की तिच्या गावाचं नाव पुकारलं जाईल. कर्णा परत लावा असं मी म्हणत नाही. प्रत्येक मोठ्या दालनात चौकशीची एक खिडकी ठेवा, रात्रीही माणूस बसलेली, आणि त्या माणसाला त्या राज्याची भाषा येऊ द्या. शेजारी वीस-पंचवीस खुर्च्या अशा ठेवा की तिथे बसलेल्याला त्याच्या विमानाची वेळ झाली की कुणीतरी येऊन हाताला धरून सांगेल. चाकाची खुर्ची मागण्याइतके आम्ही अधू नसतो हो, फक्त गोंधळलेले असतो.

सिंगापूरला आम्ही सहा तास होतो. तिथे साडेपाच तासांहून जास्त थांबा असणाऱ्यांना शहराची मोफत सहल घडवतात, पण तिला देशात प्रवेश करावा लागतो आणि आमच्याकडे व्हिसा नव्हता. चाळीस मीटर उंचीचा तिथला तो प्रसिद्ध, छपराखालचा धबधबाही इमिग्रेशनच्या बाहेरच्या इमारतीत. हिरमोड झाला. मग एका सफाईवाल्या तमिळ बाईंनी खुणेने सांगितलं, टर्मिनल २ वरून ३ ला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसा. ती गाडी त्या इमारतीच्या पोटातूनच जाते! काचेतून धबधबा दिसला. गाडी फुकट, म्हणून आम्ही तीन वेळा गेलो-आलो. एसटीच्या माणसाला याहून मोठं सुख ते कोणतं.

टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, चोवीस तास चालणारं फुकट सिनेमागृह आहे. आम्ही तिथे स्फोटांनी भरलेला कुठलासा इंग्रजी चित्रपट अर्धा पाहिला आणि अर्धा घोरलो. पाय चेपून देणारी यंत्रंही फुकट, सौ. पहिल्यांदा किंचाळल्या, नंतर उठायला तयार होईनात. पण मला खरी भुरळ घातली ती साध्या कलत्या खुर्च्यांनी. पाय लांब करून पडता येतं, दिवे मंद, शेजारी पाण्याचा नळ आणि तो कुठे आहे हे लांबूनच दिसेल असं चित्र. सिंगापूर श्रीमंत आहे, फुलपाखरं त्यांनाच परवडोत. कलती खुर्ची आपल्याला का परवडू नये?

आता परतीची रात्र. साडेअकराला उतरलो, सामान मिळेस्तोवर साडेबारा. पुढचं विमान सकाळी सात-दहाचं. त्या भल्यामोठ्या, चकाचक इमारतीत आम्ही पाठ टेकायला जागा शोधत निघालो. खुर्च्या खूप होत्या, पण प्रत्येक दोन खुर्च्यांच्या मधे एक लोखंडी हात. तो हात टेकायला नाही, माणूस आडवा होऊ नये म्हणून आहे, हे कुणीही ओळखेल. झोपायच्या खोकेवजा खोल्या होत्या. त्यांचा तासाचा दर ऐकून सौ. म्हणाल्या, एवढ्यात आपल्याकडे लॉजवर रात्र निघते, वर चहा मिळतो. लाउंजच्या दारात कार्ड मागितलं. माझ्याकडे एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं होतं.

पाण्याचा नळ अखेर स्वच्छतागृहाच्या वळणामागे सापडला, तोही एका गस्तीवरच्या जवानाने दाखवला म्हणून. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या सुरक्षा तपासणीत भरलेली बाटली ओतून द्यावी लागते, त्यामुळे रिकामी बाटली हातात घेऊन नळ शोधणारा माणूस विमानतळावर पावलोपावली भेटतो. तरी पाटी दुकानांची मोठी, नळाची नाहीच. गोळीसाठी कोमट पाणी मागितलं तर आधी कॉफी घ्या म्हणाले. वायफायसाठी मोबाइलवर ओटीपी येणार होता. भारतातल्या सिमचं रिचार्ज आम्ही मेलबर्नला असताना संपलेलं. मुलगा तिकडे काळजीत, आम्ही इकडे.

शेवटी एका खांबाआड शाल अंथरून जमिनीवर आडवे झालो. तिथे आधीच रांग होती. आखातातून सुटीवर आलेले कामगार, गिटार उशाशी घेतलेला एक विद्यार्थी, तान्हं बाळ पदराआड घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेली एक मुलगी. एसटीच्या स्टँडवर आता हिरकणी कक्ष असतात. (आमच्या स्वच्छतागृहांबद्दल मात्र मी तोंड उघडत नाही, तुम्हीही विचारू नका.) तीनच्या सुमारास फरशी पुसायचं मोठं यंत्र आलं आणि सगळी रांग उठून पलीकडच्या खांबाकडे गेली. यंत्र तिकडे वळलं, रांग परत इकडे. कुणी कुणावर चिडलं नाही. यंत्र चालवणारा पोरगाच बिचारा ओशाळला होता.

विमानाला उशीर झाला असता तर आम्हाला काही हक्क होते, हे मला नंतर कळलं. ठराविक तासांपुढे उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं, रात्रीच्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर निवाऱ्याची सोय करावी लागते, असा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पण आमचं विमान अगदी वेळेवर होतं. वेळेवर सुटणाऱ्या विमानाची सात तास वाट पाहणारा माणूस कुठल्याच नियमात बसत नाही. मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. तुमच्या खात्याने माणूस लवकर पुढे सरकावा म्हणून बरंच केलं. डिसेंबर २०२२ पासून डिजियात्रा आली, चेहरा दाखवला की दार उघडतं. चांगलंच आहे. त्यातून वाचलेली वीस मिनिटं माणूस पुढे जाऊन त्याच लोखंडी हाताच्या खुर्चीत घालवतो, इतकंच.

पैशाचं म्हणाल तर प्रवासी काही फुकटात येत नाही. तिकिटातच विमानतळ वापरण्याचं शुल्क, ते यूडीएफ, कापलेलं असतं. दुकानांवरही माझा राग नाही. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाप्रमाणे दुकानं, पार्किंग वगैरेंच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा विमानतळाचे दर ठरवताना विचारात घेऊन प्रवाशांवरचा भार कमी केला जातो, असं वाचलं. म्हणजे अत्तराच्या बाटल्या खपल्या तर माझंही थोडं भलंच होतं. पण मग दर ठरवणाऱ्या प्राधिकरणाला एवढंही सांगता येईल की, इतक्या प्रवाशांमागे इतक्या आडवं होता येणाऱ्या जागा आणि इतके नळ असल्याशिवाय शुल्कवाढीचा अर्ज घेऊन येऊ नका. फलाट किती आणि बाक किती, हे आम्ही लिहून ठेवत होतो. त्यात अवघड काही नाही.

तुमच्याच खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला ‘उडान यात्री कॅफे’ काढला. चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा रुपये, समोसा वीस. नंतर चेन्नईला निघाला. हे ऐकून आम्हा जुन्या एसटीवाल्यांना फार बरं वाटलं, कारण स्टँडवर स्वस्त पाणी मिळावं म्हणून महामंडळाने ‘नाथजल’ काढलं होतं. माझी विनंती एवढीच की हा कॅफे आंतरराष्ट्रीय दालनात, तपासणीच्या आतल्या बाजूला आणि रात्रभर उघडा असावा. पहाटे चारला चहा पिणाऱ्या माणसाइतकं दिलदार गिऱ्हाईक दुसरं नसतं, आमच्या कँटीनवाल्याला विचारा.

नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. आम्हा साताऱ्या-पुण्याकडच्यांना तो सोयीचा. आमची घाटानंतरची शहरातली रखडपट्टी वाचेल. इमारत नवी आहे, टप्पे अजून वाढायचे आहेत. जुन्या ठिकाणी खुर्च्या उपटून बदलणं जिवावर येतं, नव्या ठिकाणी मागवतानाच बिनहाताच्या मागवता येतात. कुणीतरी एका रात्री अकरा ते पाच तिथे नुसतं बसून बघावं. अधिकारी नको, ओळखपत्र नको. हातात एक रिकामी बाटली आणि सोबत गुडघे दुखणारं एक माणूस असलं की पुरे. आमच्याकडे नवा स्टँड बांधला की आगार व्यवस्थापक एक रात्र तिथे काढायचे. डास किती आहेत ते त्यांना तेव्हाच कळायचं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा निघणार आहोत. सुनेला दिवस गेलेत, त्यामुळे या खेपेला सामान जास्त आणि सौ.चा उत्साहही. शाल पुन्हा हाताशी ठेवणार आहोच.

उत्तर शक्यतो पोस्टानेच पाठवावं. ईमेल मुलगा बघतो, आणि तो मेलबर्नला असतो.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
जि. सातारा