उपासनेला येऊ न शकणाऱ्यांची काळजी मंडळीनेच घ्यावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हे पत्र मुख्यतः मुंबई आणि उपनगरांतील मराठी ख्रिस्ती बांधवांना उद्देशून आहे. ते चर्चच्या सूचनाफलकावर न लावता आपल्या दैनिकाकडे पाठवण्याचे कारण असे, की ज्यांच्याविषयी ते आहे त्यांतील बहुतेकांना आता चर्चपर्यंत पोहोचता येत नाही. वर्तमानपत्र मात्र त्यांच्या घरी रोज सकाळी येते.

१८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांच्या कामातून पुढे मराठी मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद-समुदाय, उभ्या राहिल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्माही १८९५ मध्ये याच शहरात झाला. अहमदनगर, जालना या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे गिरगाव, भायखळा, माझगाव, परळ येथील चाळींत राहत, आणि चर्च पायी जाण्याच्या अंतरावर असे. एखादे घर रविवारी दिसले नाही तर संध्याकाळपर्यंत पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) किंवा महिला मंडळातील कोणीतरी दारात उभे असे. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि ही कुटुंबे कल्याण, बदलापूर, विरार, पनवेलपर्यंत विखुरली. नावे मात्र जुन्याच मंडळीच्या पटावर राहिली, कारण बाप्तिस्मा, लग्न सारे तिथलेच आणि मराठीतली उपासनाही तिथलीच. आता गुडघे धरलेले वयस्क सभासद रविवारी निघायचे म्हणतात तेव्हा मध्य किंवा हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, सोबतीला कोणी नसते, आणि हळूहळू येणे थांबते. त्यांची चौकशीही थांबते, हे अधिक क्लेशदायक आहे. यात एका मंडळीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. कमीअधिक प्रमाणात सर्वत्र हेच आहे. मात्र अंत्यविधीच्या दिवशी शिवडीच्या दफनभूमीत जमणारी माणसे आदल्या वर्षभराच्या आजारपणात कुठे होती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे.

देवावर आपली प्रीती आहे, हे आपण दर रविवारी गाऊन सांगतो, आणि ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण बायबलच्या नव्या करारात योहानाने आपल्या पहिल्या पत्रात त्या प्रीतीची जी कसोटी ठेवली आहे ती फार कठोर आहे: डोळ्यांनी दिसणाऱ्या भावावर ज्याला प्रीती करता येत नाही, त्याला न दिसलेल्या देवावर ती करता येणार नाही. देवप्रीती हे आधी आणि बंधुप्रीती ही नंतर, सवड मिळाल्यास, अशी विभागणी तो करतच नाही. तिथेच आपल्या पत्रात याकोब तर उघड्या-उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणणाऱ्याचा विश्वास निर्जीव ठरवतो.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, ती दाबली नाही, किंवा ‘प्रार्थना करा, सर्व ठीक होईल’ असे म्हणून सोडूनही दिली नाही. त्यांनी साऱ्या मंडळीला बोलावले आणि या कामासाठी सात माणसे निवडायला सांगितले. ज्यांची तक्रार होती त्यांनाही विश्वास वाटावा म्हणून की काय, त्या सातांचीही नावे ग्रीकच दिसतात. आणि अट काय, तर ती माणसे पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत. जेवण वाढण्याच्या कामालाही एवढी आध्यात्मिक पात्रता लागते, असे त्या मंडळीला वाटत होते. आज हेच काम आपण ‘ज्याला वेळ असेल त्याने’ या सदरात टाकले आहे.

इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या सम्राटासाठी लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. वाचन, उपदेश, प्रार्थना आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) झाल्यावर जे हजर नसत त्यांच्यासाठी भाकर व प्याला डीकनांच्या (मंडळीच्या सेवकांच्या) हाती घरी पाठवला जाई. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे पाहुणे यांना मदत होई. म्हणजे गैरहजर सभासद हा त्या उपासनेचाच भाग होता. त्याच्या घरी जाणे हे उपासना संपल्यावरचे समाजकार्य नव्हते.

आपल्याच माणसांपुरते पाहणे हा संकुचितपणा नव्हे काय, अशी शंका काही तरुण मित्र घेतात, आणि ती प्रामाणिक आहे. प्रेषित पौलाने गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात सर्वांचेच बरे करा, आणि विशेषेकरून विश्वासाने एका घरचे झालेल्यांचे करा, असे लिहिले आहे. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट ज्युलियन यानेच तक्रार केली होती, की हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आमच्याही गरिबांना पोसतात. घरातली सवयच पुढे बाहेर जाते. शिवाय आपल्यातील अनेक कुटुंबे दलित समाजातून आलेली आहेत आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती म्हणून त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. अशा घरातील कमावता माणूस गेला, तर मंडळीवाचून त्यांना आधार उरत नाही.

म्हणून माझी विनंती आहे, की प्रत्येक मंडळीने सभासदांचा पट रेल्वेमार्गानुसार नव्याने लावावा आणि डोंबिवलीत राहणाऱ्या तरुण सभासदावर डोंबिवलीतल्याच वृद्धांची जबाबदारी सोपवावी. महिन्यातून एकदा पाळकसाहेबांनी प्रभुभोजन घेऊन या घरी जावे. आजारी, विधवा आणि शिकणारी मुले यांच्यासाठी दानार्पणाचा ठरावीक भाग वेगळा ठेवावा, आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेत सर्वांसमोर मांडावा. जुन्या इमारतींची दुरुस्ती खर्चिक आहे, हे मी जाणतो. तरीही अंदाजपत्रकात हा भाग आधी लिहावा आणि छपराचा खर्च त्याच्याखाली.

ज्यांचे येणे थांबले आहे अशा वडीलधाऱ्यांनी हे वाचले असेल, तर त्यांनी संकोच न करता आपल्या पाळकांना फोन करावा आणि घरी येण्यास सांगावे. तो त्यांचा हक्क आहे.

आपला नम्र,
एक मराठी ख्रिस्ती वाचक,
भायखळा, मुंबई