तीन नंबरची जर्सी

नेरुळ, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोन मी मधेच ठेवला त्याबद्दल आधी माफी मागते. बाबा, तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, मग मी ओरडून बोलते, मग ते भांडल्यासारखं वाटतं आणि बघता बघता खरंच भांडण होतं. म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवते, दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. आई तू पण वाच, शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

बाबा तुम्ही म्हणालात, "सोड की त्या टीमचा नाद, रोज हरतीया, रविवार कशाला घालवतीस." दुसरं कुणी बोललं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण तुम्ही? मी सात वर्षांची असताना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खांद्यावर बसवून मला शिवाजी आणि पीटीएम या तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच कुणी दाखवली? शिवाजी हरली की त्या रात्री तुम्ही जेवायचा नाही, ताट झाकून ठेवायला लागायचं, आई साक्षीला आहे. तेव्हा कुणी तुम्हाला म्हटलं होतं का की दुसरी टीम बघा म्हणून? पेठ बदलता येत नाही असं तुम्हीच सांगायचात.

आता नीट सांगते काय झालंय ते.

मागच्या सीझनला आमची टीम बरी होती हे तुम्हाला माहितीये, मी स्कोअर पाठवायचे. खूप मोठी नाही, सेमी-प्रोफेशनल म्हणतात तशी, म्हणजे पोरं नोकरी नाहीतर कॉलेज करतात आणि क्लब महिन्याला काहीतरी मानधन, मॅचचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च देतो. हे सगळं एका स्पॉन्सरच्या जिवावर चालायचं. या वर्षी त्यानं पैसे निम्म्यावर आणले, आणि मग सीझन सुरू झाल्यावर उरलेल्याचं पण "बघू" झालं. आम्हा सपोर्टरांना कुणी काही सांगितलं नाही. आम्हाला कळलं कसं, तर पहिल्या मॅचला टीमची बसच नव्हती. पोरं किटच्या बॅगा घेऊन नेरुळ स्टेशनवर उभी, त्यात रविवार, हार्बरला मेगाब्लॉक, मग ट्रान्स हार्बरनं ठाण्याला आणि तिथून मेन लाइननं सीएसएमटी, आणि तिथून कूपरेज मैदान. पोचली तेव्हा वॉर्मअपला दहा मिनिटं राहिली होती. आम्ही त्याच गाडीत होतो, आम्ही पण बॅगा उचलल्या.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. फिजिओ नाही. बर्फ आता सपोर्टरच नेतात, थर्मोकोलच्या डब्यात, मासळीवाल्या मावशी पैसे पण घेत नाहीत म्हणा. आधी प्रॅक्टिस टर्फवर व्हायची, लाइट असलेल्या, पण इथले टर्फ तासावर भाड्यानं जातात आणि रात्रीचे स्लॉट ऑफिसची पोरं आधीच बुक करतात, त्यामुळे ते परवडेना. आता प्रॅक्टिस पहाटे साध्या मैदानावर, जमीन दगडासारखी, एका बाजूला क्रिकेट आणि कडेनं चालणारे आजी-आजोबा. दगडी जमिनीवर आठवडाभर पळायचं आणि रविवारी कूपरेजच्या कृत्रिम टर्फवर मॅच, बॉलचा उसळाच वेगळा, पाय पण वेगळे धरतात. दोघांच्या नडग्या दुखावल्यात. ज्यांना दुसरीकडून बोलावणं आलं ते सिनियर निघून गेले, त्यांना काय बोलणार, घरं आहेत त्यांची. त्यांच्या जागी अंडर-19 ची पोरं. एक तास छान खेळतात हो, खरंच छान, पण नंतर पाय राहत नाहीत, आणि आमच्यावर बहुतेक गोल शेवटच्या वीस मिनिटांतच बसतात.

बाबा, आता जे सांगते ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळणारा, तीन नंबर, एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. गेल्या रविवारी पाच गोल खाल्ले त्यातले तीन त्याच्या बाजूनं आले. वर जायचा आणि मागं रान मोकळं, समोरच्यांनी बघून बघून तिथेच थ्रू बॉल टाकले. चौथ्या गोलला मी उभी राहून ओरडले, "अरे निघ बाहेर, जमत नसेल तर खेळतोस कशाला!" स्टँडमध्ये आम्ही दहा-बाराच उरलोय, आधी चाळीस जण असायचो, ढोल असायचा, तेव्हा एकटीचा आवाज हरवून जायचा. आता सगळं स्पष्ट ऐकू जातं. त्यानं वर बघितलं. मॅच संपल्यावर बाकीचे आत गेले आणि हा एकटा जाळीपाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "सॉरी ताई."

मला काय बोलावं सुचलंच नाही. मान हलवली नुसती आणि निघाले.

घरी येऊन रात्री मॅच डोक्यात परत चालवली, तुम्ही शिवाजीची चालवायचात ना, चहाच्या कपबशा मांडून, तशीच. तेव्हा कळलं. त्याची चूक नव्हतीच ती. मागच्या वर्षीपण लेफ्ट बॅक असाच वर जायचा, कोचनं तसंच शिकवलंय, पण तेव्हा सहा नंबर होता, बचावाच्या पुढे मधोमध खेळणारा, तो सरकून ती जागा भरायचा. तो सहा नंबर या वर्षी नाही, पहिला तोच गेला, सगळ्यात महागडा तोच होता ना. त्याच्या जागी आता कुणीच सरकत नाही. पैसे कापले तिकडे वर ऑफिसात, भोक पडलं मैदानाच्या मधोमध, आणि शिव्या खाल्ल्या डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं. माझ्याकडून. मी, जिला तुम्ही बॉल सोडून मोकळी जागा बघायला शिकवलं होतं.

सपोर्टर लोकांत पण आता भांडणं आहेत. एक गट म्हणतो बहिष्कार टाकू, मॅचलाच जायचं नाही. एक म्हणतो छातीवरचं स्पॉन्सरचं नाव काळ्या टेपनं झाकायचं. काही जण नुसते पोरांवर ओरडतात, मी त्यांच्यातच जाऊन बसले होते. शेवटी आम्ही चौघं मॅनेजमेंटला भेटायला गेलो. चहा दिला, बसवलं, आणि साहेब म्हणाले, "वरचीच काय अवस्था आहे बघताय ना." म्हणजे आयएसएल, देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग. तुम्ही पेपरात वाचलं असेलच, फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार होता, त्याचं नूतनीकरण होईना म्हणून जुलै 2025 मध्ये पुढचा सीझनच लांबणीवर टाकला आणि काही मोठ्या क्लबनी पगार थांबवले. डिसेंबरात मुंबई सिटी क्लबमधून त्याचे मोठे मालक, सिटी फुटबॉल ग्रुप, पण बाहेर पडले, 2019 पासून होते ते. हे सगळं खरंय. "मग आम्ही कुठून आणू" म्हणाले.

मी म्हटलं, साहेब मी अकाउंट्समध्ये काम करते, पैसे नसले की खर्च कापावा लागतो हे मला कळतं. पण कापलं काय ते सांगा. बस कापली, फिजिओ कापला, प्रॅक्टिस कापली. आणि जर्सीच्या उद्घाटनाला स्टेज, एलईडी स्क्रीन, शाली, नारळ, पाहुणे, ते कुठल्या पैशांतून? त्यावर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकीट काढता का? फुकटच बघता ना?"

बाबा, हे वाक्य अजून आत सलतंय. आमच्या मॅचला तिकीटच नसतं. असतं तर काढलं असतं. लोकलचे, वडापावचे, बर्फाच्या डब्याचे, पोरांना केळी आणि ग्लुकोजचे पैसे आम्ही मोजत नाही म्हणून ते फुकट होतं का?

तुम्ही म्हणाल मुंबईचं हे असंच असतं. असतंच, माहितीये मला. तुमचे ते तालमीतले मित्र फुटबॉलवर मुंबईला बँकेत लागले, जन्माची भाकरी झाली त्यांची. तेव्हा बँका, रेल्वे, कंपन्या सगळ्यांच्या टीम होत्या. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ला नॅशनल लीग जिंकली आणि 2010 ला ती टीम बंद पण झाली. एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013 ला लायसन्सिंगच्या अटींवर आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमधून, बाहेर. मुंबई एफसी 2017 ला खाली उतरली आणि संपली, आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे कितीतरी वर्षं कोच असलेल्या खालिद जमीलनं ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. मला दर वेळी वाटतं, त्या टीमच्या स्टँडमधले लोक दुसऱ्या रविवारी काय करत असतील? कुठं जात असतील?

आई, तुला हे सगळं खेळाचं वेड वाटतंय, मला माहितीये. पण तू इथं राहून गेलीयेस, तू बघितलंयस. इथं पेठ नाही, तालीम नाही. सिडको 1970 ला आली आणि मग हे शहर आखलं गेलं, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये कोण सातारचं, कोण केरळचं, कोण यूपीचं. सेक्टरच्या नंबरासाठी कुणाचा ऊर भरून येणार? लग्न होऊन आले तेव्हा दोन वर्षं मला हे शहर माझं वाटलंच नाही. या टीमच्या मॅचला जायला लागले आणि बाजूला उभ्या अनोळखी मल्याळी काकांनी गोल झाल्यावर माझे हात धरून उड्या मारल्या, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी पण इथली. म्हणून नाही सोडणार मी.

आणि बाबा, 2017 आठवतंय ना? अंडर-17 वर्ल्डकपची सेमीफायनल, डी. वाय. पाटील स्टेडियम, माली आणि स्पेन. तुम्ही मालीच्या बाजूनं घसा बसेपर्यंत ओरडलात आणि स्पेन 3-1 नं जिंकलं. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला म्हणून तुम्ही गल्लीत पेढे वाटून आला होतात. बाहेर पडताना तुम्ही म्हणालात, एवढं स्टेडियम तुमच्या दारात आहे, आता इथली पोरं पुढं येतील बघ. ते स्टेडियम अजून रोज दिसतं मला. इथली पोरं पहाटे त्या दगडी मैदानावर पळतायत.

कोल्हापुरात सगळं छान आहे असं नाही, मला आठवतात ती दगडफेक झालेली दुपार आणि तुम्ही मला जॅकेटमध्ये लपवून आणलेलं. पुढाऱ्यांचे पैसे तिथेही असतात. पण टीम चालवायला पेठेतल्या घराघरातून वर्गणी निघायची ना? मला ते हवंय. तुम्ही दोन-तीन वर्षं वर्गणीची वही सांभाळली होती, कसं करायचात ते सविस्तर सांगा. दर महिन्याला घ्यायचात की सीझनला? कुणी दिले नाहीत तर काय? पैसे कुणाच्या नावावर ठेवायचात? आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलंय की स्पॉन्सरचा रुपया येवो न येवो, फिजिओचे निदान मॅचच्या दिवसाचे पैसे आम्ही काढायचे आणि ते मॅनेजमेंटच्या हातात न देता थेट त्याला द्यायचे. हिशोब मी बघणार. तुमची वही अजून माळ्यावर असेल तर दादाला काढायला सांगा, त्याचे फोटो पाठवू देत.

आता आई, तुझं काम. लाँड्रीचे पैसे पण कापलेत, म्हणून जर्सी आम्ही पाळीनं धुतो, या आठवड्यात माझी पाळी. सतरा जर्सी, सगळ्या घामानं आंबलेल्या, आणि मोज्यांमधून टर्फचे काळे रबराचे दाणे एवढे पडले की मशीनचा फिल्टर दोनदा साफ केला. वाळत घालताना बघितलं, तीन नंबरच्या जर्सीवरचा आकडा अर्धा सुटलाय. तो चिकटवलेला असतो, शिवलेला नसतो. पोरानं आधीच एकदा फेविक्विक लावून बघितलंय, तिथं कापड कडक होऊन चिरलंय, आणि खाली काळ्या दोऱ्यानं चार वेडेवाकडे टाके घातलेत. निळ्या जर्सीवर काळा दोरा. त्याच्याकडे घरात तेवढाच असेल.

मी ते टाके उसवलेत. पण कापड ताणणारं आहे, साधा धावदोरा घातला तर पळताना उसवेल असं वाटतं, आणि हेमसारखं घातलं तर आकड्याच्या कडा उचलतील. तू दादाच्या ट्रॅकपँटला गुडघ्यावर जे ठिगळ लावलं होतंस ते कधीच उसवलं नव्हतं, तो टाका कोणता? आतून अस्तराचा तुकडा लावू का? आणि दोरा नायलॉनचा घ्यायचा की साधा चालेल? गुडघा दुखत असेल तर उठू नकोस, दादाला सांग, तो व्हिडिओ कॉल लावेल आणि तू नुसतं हातानं करून दाखव.

जर्सी शनिवारी संध्याकाळी परत द्यायच्यात. बाकीच्या बॅगेत भरून देईन, ही मी स्वतः त्याच्या हातात देणार आहे आणि तेव्हा सॉरी म्हणणार आहे, त्याच्या आधी सांग.

तुमची,
मनू