किनोसाकीहून पत्र

किनोसाकी, जपान

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जपानला आल्यावर कोठे राहावे, असे तू विचारले होतेस. माझ्या मते किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी ये. क्योतोहून आगगाडीने सुमारे अडीच तास लागतात.

ओतानी नदीच्या काठाने वाळुंजाची झाडे आणि पारंपरिक जपानी धर्तीची लाकडी अतिथिगृहे म्हणजेच र्‍योकान आहेत. येथील लोक सांगतात की, स्टेशन हे दार, रस्ते हे व्हरांडे, र्‍योकान या खोल्या आणि सात सार्वजनिक स्नानगृहे ही न्हाणी, असे सारे गाव मिळून एकच र्‍योकान आहे. मला हे मनापासून पटले. मे 1925 मधील भूकंपात आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत गाव बेचिराख झाले, तरी लोकांनी ते पुन्हा उभे केले. पुढे 1927 मध्ये एका र्‍योकानने आपल्या आवारातच गरम झऱ्याच्या पाण्याचे स्नानगृह बांधले, तेव्हा सर्वांचे पाणी एकाच्या अंगणात जाईल म्हणून गावाने आक्षेप घेतला आणि तो वाद 1950 पर्यंत चालला. अखेर र्‍योकानांना लहान न्हाण्यांची मुभा मिळाली, पण पाहुण्याने बाहेर जाऊनच स्नान करावे, ही रीत टिकली. या गावाचे खरे मोठेपण मला त्या हट्टातच दिसते.

म्हणून तूही खोलीत बसून राहू नकोस. युकाता, म्हणजे सुती झगा, नेसताना उजव्या पदरावर डावा पदर घे, कारण उलटी पद्धत मृतांसाठी असते. पायांत गेता, म्हणजे खडावांसारखी लाकडी पादत्राणे, घाल आणि र्‍योकानने दिलेला पास घेऊन निघ. त्यावर सार्वजनिक स्नानगृहांत प्रवेश मिळतो. कोकणातल्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात आपण अंगावर वस्त्र ठेवून उतरतो. येथे मात्र सर्व वस्त्रे उतरवून, बुटक्या स्टुलावर बसून, साबणाने अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात शिरायचे असते, आणि हातातला छोटा पंचा पाण्याला लागू द्यायचा नसतो. संकोच वाटेल, पण तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही. पाणी खारट आणि चांगलेच कढत असते, तेव्हा थोड्या वेळाने बाहेर येऊन विसावा घेत जा. को-नो-यू हे स्नानगृह चुकवू नकोस; जखमी करकोचा तेथील पाण्यात बरा झाला, अशी आख्यायिका आहे.

जेवणाबाबत एक सूचना आहे. हिवाळ्यात येथे खेकड्यांचा हंगाम असतो, आणि एरवीही बहुतेक रश्श्यांत सुक्या माशाचा अर्क असतो. वहिनी शाकाहारी असल्याने खोली ठरवतानाच तसे स्पष्ट लिहून कळव आणि र्‍योकानचा होकार आल्यावरच पैसे भर.

तुझा,
अविनाश